विल्याचं ‘नाही’

विल्या गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं ते सांगायची लाज वाटते, पण सांगते. आता माझ्या गोळ्यांचं काय? सख्खा मामेभाऊ गेला, पौडमधल्या अर्ध्या घरांचा डॉक्टर गेला, आणि मी मेली गोळ्यांची चिंता करत बसले! त्यात आमचं शेवटचं बोलणं म्हणजे भांडणच. “आता चालतेस-फिरतेस, ताई. सावकाश कमी करू. आधी दुपारची बंद,” तो म्हणाला आणि मी पिशवी उचलून तरातरा निघून आले. त्याला जाऊन आठवडा होत आला, जीव थाऱ्यावर नाही. बसले तर उठावंसं वाटतं, उठले तर कुठे जायचं कळत नाही...

शाळेतून निवृत्त झाले त्याच वर्षी मला नागीण झाली, उजव्या बरगडीवर. शेजारणीने गेरू लावला, मीही मुकाट्याने लावून घेतला आणि दवाखान्यात उशिरा गेले. “मास्तरीण ना गं तू?” विल्या खेकसला. पुरळ गेलं, आग राहिली. ब्लाउजचं कापड लागलं तरी निखारा ठेवल्यासारखं व्हायचं. “नस दुखावलीय. कातडी भरली तरी ती बोंबलत राहते,” म्हणाला. आधी नसांसाठी रात्रीची गोळी दिली. तिने झोप लागली, पण दिवस निभेना. मग बराच विचार करून अफूच्या कुळातली दुसरी दिली, तीही आठवड्यापुरतीच. स्वतः यायचं, रिकामं पाकीट दाखवायचं, झोपेचं किंवा खोकल्याचं औषध परस्पर घ्यायचं नाही. किती दुखतंय यापेक्षा “काल काय काय केलंस?” हेच विचारायचा. भाकऱ्या थापल्यास का, देवळापर्यंत गेलीस का. आणि बाकावर माणसं बसलेली असताना मोठ्यांदा, “पोट साफ होतंय ना?” अस्सा राग यायचा!

धोंडिबा मेंढरं राखणारा, ताम्हिणीकडचा. साखरेच्या आजाराने त्याच्या पायांची आग व्हायची, म्हणून त्यालाही याच गोळ्या. एकदा तो मुदतीआधीच आला. “संपल्या. धाकल्याची कंबर धरली व्हती, त्याला बी दिल्या. घरात एकट्यानंच कसं खायाचं?” धोंडिबाचा धाकटा भाऊ दारू पिणारा, हे विल्याला ठाऊक होतं. “कुठाय तो?” “निजलाय. लई घोरतुया.” विल्या भरला दवाखाना सोडून उठला. त्यांचा तळ तेव्हा पौडबाहेरच पडला होता. दारूवर गोळ्या पडून श्वास मंदावलेल्या त्या माणसाला जीपमध्ये घालून त्याने पुण्याला पोचवलं. वाचला बिचारा. धोंडिबाच्या गोळ्या मात्र विल्याने तोडल्या नाहीत. दुखणं खरं होतं ना त्याचं! फक्त थोड्या थोड्या द्यायला लागला आणि प्रत्येक वेळी बजावायचा, “ही तुझी उष्टी गोळी. उष्टं कुणाला वाढतोस का?” धोंडिबाला ते तिथल्या तिथे पटलं.

परवा बंद दवाखान्याच्या पायरीवर धोंडिबा बसलेला दिसला. “आता कुटं जायाचं, बाई?” त्याला घेऊन भूगावला गेले, एका नव्या डॉक्टरकडे. पोरगा गोड बोलणारा. “आँटी, इतक्या लांबून दर आठवड्याला कशाला? महिन्याच्या देतो.” दोघांच्या हातात भरगच्च पाकिटं. दुपारची गोळीही न मागता परत मिळाली. मला हायसं वाटायला हवं होतं, पण छातीत धडधडायला लागलं. माझ्या घरात, माझ्या हाताशी एवढ्या गोळ्या, आणि नाही म्हणणारं कोणी नाही...

“अहो, विचारा ना काहीतरी!” मी ओरडलेच. “यांच्या घरी कोण पितं, विचारा. मी काल काय केलं, विचारा. आठवड्याच्याच द्या. आणि माझी दुपारची काढा.” तो बावरला, पण त्याने पेन खाली ठेवलं आणि विचारायला लागला.

परतताना स्टँडवर धोंडिबा गाल फुगवून बसला होता. दर आठवड्याला भूगावची खेप लागली ना मागे! “डाक्टर ग्येलं, तर आता तुमी वरडाया लागला,” तो कुरकुरला. मला हसू आलं आणि रडूही आवरेना. दुपार झाली होती, बरगडी पेटली होती. भर स्टँडवर मी विल्याला एक कचकचीत शिवी हासडली आणि नुसतंच पाणी प्यायले.