खलनायकाची बहीण

"करुणाताई, मग आता तुम्ही राहता कुठे?" हा प्रश्न मला गेल्या दोन-तीन वर्षांत रत्नागिरीतल्या किमान पन्नास बायकांनी विचारला असेल. मी मांडवीला राहते. एकवीस वर्षं त्याच घरात राहते. विचारणाऱ्यांतल्या निम्म्या बायका तर माझ्याच गल्लीतल्या. पण मालिकेत माझ्या भावाने त्याच्या बहिणीला घराबाहेर काढलं, तेव्हा खऱ्या बहिणीलाही काढलं असणारच, असा सगळ्यांचा समज. मासळी बाजारात एका बाईने मला दोन बांगडे जास्त घातले आणि वर म्हणाली, "असूं दे गो. तुजा भाव असा निगाला, तू तरी काय करशील?"

तो भाऊ म्हणजे प्रमोद रामजी तांबे. हे नाव कुणाला माहीत नाही. भाऊसाहेब म्हटलं की सगळ्यांना कळतं.

आमचं गाव राजापूर तालुक्यात. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक, रामजी गुरुजी. बाबासाहेबांमुळे आपण शिकलो, आता मुलांनी आपल्यापुढे चार पावलं जायचं, यापलीकडे त्यांना दुसरा विषय नव्हता. मी त्यांचं ऐकलं. बारावीनंतर टायपिंग केलं, परीक्षा दिल्या, जिल्हा परिषदेत लिपिक झाले. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान प्रमोद मात्र डबा, पाट, दाराची फळी, जे हाताला लागेल ते वाजवायचा. मी पुस्तकात डोकं घालून बसले की माझ्या पाठीवर तिरकीट सुरू. "आई, ह्याला सांग!" हे वाक्य मी लहानपणी जितक्या वेळा बोलले, तितकं दुसरं कुठलंच बोलले नसेन.

शेजारच्या कुणबीवाडीत केरूबुवा होते. भजनात पखवाज वाजवायचे, तबलाही उत्तम. प्रमोद त्यांच्या ओटीवर जाऊन बसायला लागला. बौद्धवाडीतला मुलगा बुवांच्या घरात जातो म्हणून गावात थोडी कुजबूज झाली. बुवांनी ती कानावरच घेतली नाही. ते प्रमोदला एवढंच म्हणायचे, "घाय करू नको. हात उचललास तरी मात्रा मोजत ऱ्हा." पुढे आमच्या वाडीच्या गायन पार्टीत तो वाजवू लागला. भीमजयंतीला त्याची बोटं तबल्यावर पडली की म्हातारी माणसंसुद्धा सरसावून बसायची. हे मी नाकारत नाही. वाजवायचा छानच.

पण बाकी सगळा वैताग. वडिलांनी डी.एड.चा फॉर्म आणून, भरून, फोटो चिकटवून ठेवला. याने फक्त सही करून राजापूरला नेऊन द्यायचा. हा गायन पार्टीबरोबर हर्णेला गेला आणि चार दिवसांनी उगवला. फॉर्मची मुदत दोन दिवसांपूर्वी संपलेली. वडील महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत आणि याच्या ते लक्षातही आलं नाही. शेवटी ओळखीने रत्नागिरीच्या एका शाळेत प्रयोगशाळेत परिचराची नोकरी लागली. तिथले विज्ञानाचे सर मला सांगायचे, "तुमचा भाऊ परीक्षानळ्या धुतो कमी आणि वाजवून बघतो जास्त." लग्नासाठी लांज्याला एक मुलगी बघायला गेलो, तर मुलीचा भाऊ पेटी वाजवणारा निघाला. दोघे बाहेरच्या खोलीत बसले ते उठेचनात. मुलीने पोहे आणले ते आम्हीच खाल्ले. घरी येताना मी विचारलं, "मुलगी कशी वाटली?" तर म्हणाला, "पेटीचा भाता जरा गळतो." लग्न झालं नाही ते नाहीच. जेवायला रोज माझ्याकडे.

वडील २००६ साली गेले. पुढच्या उन्हाळ्यात बाबल्याकाका, म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, मांडवीला आले. गावचं चिऱ्याचं घर आणि मागची काजूची जागा प्रमोदच्या एकट्याच्या नावावर व्हायला हवी, त्यासाठी बहिणीने हक्कसोड करून द्यायची, असं त्यांनी जेवता जेवता सांगितलं. "सगळ्याच बहिणी देतात. तुला काय, तुला नवरा हाय, नोकरी हाय." आई आमच्यातच बसली होती. ती काही बोलली नाही. माझे यजमान मुंबईला गोदीत होते, त्यांना फोन केला तर म्हणाले, तुझं तू बघ.

मी राजापूरला गेले. निबंधकांच्या कार्यालयात लाकडी टेबल होतं. माझ्यासमोर कागद सरकवला, मी सही केली, अंगठा दिला. त्या घराच्या भिंतीसाठी मी अकरा वर्षांची असताना डोक्यावरून पाणी वाहिलं होतं. प्रमोद शेजारी उभा होता. तो माझ्याकडे बघत नव्हता. टेबलाच्या कडेवर त्याची दोन बोटं हलत होती, अगदी हळू. ताल धरत होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "ताई, उसाचा रस घेऊया?" आम्ही रस प्यायलो. त्या सहीबद्दल पुढे पंधरा वर्षं आमच्या घरात कुणी एक शब्द काढला नाही.

नाटकाचं म्हणाल तर ते अपघाताने झालं. रत्नागिरीत मृणालीताई म्हणून आहेत, कॉलेजात शिकवायच्या आणि हौशी संस्थेची नाटकं बसवायच्या. २०११ साली राज्य नाट्य स्पर्धेसाठी त्यांनी नाटक बसवलं, त्यात प्रमोद विंगेत तबल्याला. प्रयोगाच्या दिवशी दुपारी म्हाताऱ्या बापाचं काम करणाऱ्या गृहस्थांचा आवाज पूर्ण बसला. मृणालीताई रडकुंडीला आल्या. प्रमोद तिथेच वडापाव खात बसला होता. म्हणाला, "मला पाठ आहे सगळं. सगळ्यांचंच पाठ आहे."

"आणि तबला?"

"त्याचं काम मध्यांतरानंतर नाहीच आहे. आधीच्या तुकड्याला टेप लावा."

मी प्रेक्षकांत होते. तो आला, थोरल्या मुलाने त्याला वाटेल ते सुनावलं, आणि हा गप्प. मला वाटलं, विसरला. मग त्याने मान वळवली आणि एकच वाक्य बोलला. माझ्या पुढच्या रांगेतल्या बाईने पदर डोळ्यांना लावला. नंतर विचारलं तर म्हणाला, "सोळा मात्रा सोडल्या. समेवर बोललो." त्याला अभिनयाचं रौप्यपदक मिळालं. केरूबुवा तोवर वारले होते, नाहीतर तेही त्या दिवशी आले असते.

पुढे काय, नाटकावर नाटक. शाळेत रजेचे अर्ज, ते लिहायची मी. मुंबईच्या एका नाट्यसंस्थेने घेतलं, दौरे सुरू झाले. चांगली कामं केली त्याने. तबला मात्र सुटला. जोडी माझ्या पलंगाखाली. वाजवायचा नाही, कुणाला द्यायचाही नाही. "राहू दे ना ताई." राहू दे म्हणजे धूळ मी पुसायची.

मग मालिकेवाले आले. मालिकेचं नाव मी सांगत नाही. त्यांचं चित्रीकरण रत्नागिरीजवळच चालायचं, म्हणून त्यांना इथलीच माणसं हवी होती. प्रमोदला घेतलं आणि पहिल्याच दिवशी सांगितलं, मालवणीत बोला.

हा म्हणाला, "मी रत्नागिरीचा. आमच्याकडे मालवणी बोलत नाहीत."

"अहो, कोकणच ना?"

"कोकणच. पण ते तिकडे सिंधुदुर्गात. आमची बोली वेगळी."

"काका, पुण्यातल्या माणसाला कुठे कळतंय?"

शेवटी त्याला कुडाळच्या एका मुलीने फोनवर वाक्यं शिकवली. आमच्या गावात एकालाही तो काय बोलतो ते पटत नव्हतं, आणि महाराष्ट्रभर लोक म्हणत होते, काय अस्सल बोलतो हा माणूस.

भाऊसाहेब नावाचं त्याचं पात्र आधी साधंच होतं, दारात बसून पान खाणारं. मग लेखकांच्या मनात काय आलं कोण जाणे, ते पात्र वाईट झालं. विधवा बहिणीला गोड बोलून कागदावर सही करायला लावायची आणि घर लाटायचं, असा प्रसंग आला.

मालिका संध्याकाळी आठला लागायची. आई, मी आणि शेजारची सावित्री अशा तिघी बघत होतो. प्रमोद दौऱ्यावर. पडद्यावर बहिणीपुढे कागद आला. तिने पेन उचललं. कॅमेरा भाऊसाहेबांवर गेला. ते तिच्याकडे बघत नव्हते. टेबलाच्या कडेवर त्यांची दोन बोटं हलत होती, अगदी हळू.

सावित्री म्हणाली, "मेल्याला जरा लाज नाय!"

आईने रिमोट घेतला आणि टीव्ही बंद केला. माझ्याकडे बघितलं नाही. "भात लाव," एवढंच म्हणाली. मी स्वयंपाकघरात गेले आणि तांदूळ धुता धुता इतकी रडले, की मला माझाच राग आला. पंधरा वर्षं गेली होती. आणि आता रडायचं कशाला, तर मालिका बघून!

चार दिवसांनी प्रमोद आला. आईने त्याला पाणी दिलं नाही. त्याने स्वतःच घेतलं. ती म्हणाली, "तोंड तसं करायला कुणी शिकवलान तुला?"

"आई, मालिका आहे ती."

"मालिका म्हायत हाय मला. येडी नाय मी. तोंड कुठनं आणलास?"

त्याने पेला खाली ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, दिग्दर्शक म्हणाला, लाज वाटली पाहिजे, पण ती दिसता कामा नये. मी आठवायला लागलो. मला तो एकच दिवस आठवला."

"म्हणजे तुला लाज वाटली होती?"

"हो."

"मग तेव्हा का नाही बोललास, गाढवा?"

आईच म्हणाली, "तेवा मी तरी कुठं बोलले?"

आम्ही तिघं जेवलो. प्रमोदने ताटं उचलली. मी म्हटलं, "आता उगाच कामं करू नकोस. नीट ठेव ती, आवाज होतोय."

दुसऱ्या आठवड्यात त्याने वकील गाठला. हक्कसोड आता मोडता येत नाही, पण अर्धं घर आणि अर्धी जागा बहिणीला बक्षीसपत्राने देता येते, असं कळलं. मला म्हणाला, सोमवारी राजापूरला चल. मी म्हटलं, मला नको, या वयात कौलं शाकारत कुठे बसू? म्हणाला, "तुला नको असेल तर घेऊन फेकून दे. पण घे."

गेलो. कार्यालयात एक तरुण बाई होत्या. त्यांनी प्रमोदकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि त्याच्या देखतच मला म्हणाल्या, "मावशी, वाचलंत ना नीट? जबरदस्ती नाही ना?"

"अहो, तो मला देतोय!"

"असंच सांगतात, मावशी."

त्यांनी संपूर्ण दस्त मला मोठ्याने वाचायला लावला. प्रमोदचा चेहरा उतरला. बाहेर बाकावर बसलेली माणसं फोटो काढत होती. संध्याकाळपर्यंत गावात बातमी पोचली: भाऊसाहेबांनी खऱ्या बहिणीलाही राजापूरला नेलं आणि सही करून घेतली. मुंबईहून माझ्या नणंदेचा फोन. शाळेतल्या शिपायाने प्रमोदशी बोलणं टाकलं. एस्टीत एका म्हाताऱ्याने त्याला जागा द्यायला नकार दिला. खरोखर सही घेतली तेव्हा काळं कुत्रं बघायला आलं नव्हतं, आणि आता देतोय तर सगळा जिल्हा माझ्या बाजूने भांडायला उभा! मी किती जणांना समजावू? समजावलं की म्हणतात, "बिचारी. भावाला सांभाळून घेते."

मालिका मागच्या वर्षी संपली. शेवटच्या आठवड्यात भाऊसाहेबांना पश्चात्ताप झाला, पण त्याच वेळी क्रिकेटचा सामना होता, त्यामुळे तो कुणी बघितलाच नाही. आता प्रमोद नव्या नाटकात आहे, एका भोळ्या पोस्टमास्तरचं काम. मी प्रयोग पाहिला. चांगलं करतो. लोक मात्र पहिली दहा मिनिटं त्याच्यावर विश्वास ठेवत नाहीत, हा आता काहीतरी लबाडी करणार म्हणून वाट बघत बसतात. मृणालीताई म्हणतात, नटाला यापेक्षा मोठी पावती कोणती? त्यांचं काय जातं म्हणायला.

आई गेल्या माघात गेली. त्याआधी महिनाभर तिचं सगळं प्रमोदने केलं, दौरे सोडून. ते काही कुणी बघितलं नाही.

गावचं घर आता दोघांच्या नावावर आहे आणि त्याचे वासे कुजले आहेत. कौलं उतरवून पत्रा घालू म्हटलं, तर हा म्हणतो, पत्र्यावर पावसाचा आवाज बेताल येतो. तीन महिने फोनवर आमचं तेच भांडण चालू होतं. शेवटी एप्रिलमध्ये मी गडी ठरवले, तर हा न सांगता नाटकाची अख्खी मंडळी टेम्पोत घालून गावाला आला. "ताई, गड्यांना कळव, नको म्हणून. कौलं आम्हीच उतरवतो, वासे बदलून तीच परत घालू." नायिका शिडीवर, पोस्टमास्तर आढ्यावर. पहिल्या तासात त्यांनी साठेक कौलं फोडली. मी अंगणात उभी राहून ओरडत होते, "अरे, माझ्या अर्ध्यावरची तरी नीट उतरवा!"

वरून तो विचारत होता, "ताई, तुझं अर्धं कुठलं?"

ते अजून ठरलेलं नाही. वासे नवे घालायचे आहेत, पावसाला पाच आठवडे उरलेत आणि त्याचा पुढचा प्रयोग सावंतवाडीला आहे.