टायपिंगवाल्या मॅडम आणि चार डिस्कचा कॉम्प्युटर

बंद पडलेला कॉम्प्युटर घेऊन कुणी आलं, की टायपिंगवाल्या मॅडम कॉम्प्युटरकडे बघायच्याच नाहीत. आधी माणसाला खुर्ची आणि पाणी द्यायच्या, मग विचारायच्या, “बंद पडायच्या आधी काय जोडलं होतं? न्हाईतर काय काढलं होतं?” माणूस म्हणायचा, “काहीच नाही, मॅडम.” त्यावर त्या चष्म्यावरून नुसत्या बघत राहायच्या. घटकाभरात समोरच्याला काहीतरी आठवायचंच.

आखाडा बाळापूरच्या बाजारपेठेत पहिल्या मजल्यावर त्यांचं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं आणि खाली माझा फोटो स्टुडिओ. आसपासच्या कितीतरी कारकुनांची बोटं त्यांच्याच हाताखाली वळली; माझीही. टाइपरायटरचे दिवस संपले तेव्हा मॅडम पंचेचाळिशीच्या पुढे होत्या. दर रविवारी बसने नांदेडला जाऊन त्या कॉम्प्युटर दुरुस्ती शिकल्या. “पहिल्या दिवशी मी वर्गात गेले, तर सगळी पोरं उठून उभी राहिली,” त्या हसत सांगायच्या. “त्यांना वाटलं, मीच शिकवायला आले.”

एका शब्दाची मात्र त्यांना चीड होती. फॉरमॅट. कुणी तो उच्चारला की म्हणायच्या, “पुसायचं काम समद्यात शेवटी. आधी बघू तर खरं, कुठं अडलंय.” याचा अनुभव मी स्वतः घेतला.

माझ्या कॉम्प्युटरला चार डिस्क होत्या. एक अगदी जुनी, एक नवी वेगवान, एक फोटोंसाठी आणि एक बाहेरून वायरने जोडलेली. विंडोज नव्या डिस्कवर टाकून वर्ष झालं होतं. जुनी आता खडखड करायला लागली होती आणि तिचं काही काम उरलं नाही, असं समजून एका सकाळी मी ती काढून टाकली. बटण दाबलं तर काळ्या पडद्यावर एकच इंग्रजी ओळ : सुरू करायला डिस्क सापडत नाही. घाबरून जुनी परत बसवली, वायरी इकडच्या तिकडे केल्या. ओळ जागची हलेना. एका दोस्ताला फोन लावला. तो म्हणाला, “सगळं फॉरमॅट मार.”

तेवढ्यात शेषरावमामा दारात उभे. जवळच्याच गावचे शेतकरी. त्यांच्या मुलीच्या लग्नाचं शूटिंग मी केलं होतं. लग्नाला दोन महिने होतात न होतात तोच मामी अचानक गेल्या. मामांनी त्यानंतर एकदाच निरोप पाठवला होता : तेवढा व्हिडिओ लवकर द्या. तो त्याच नव्या डिस्कवर होता, आणि घाईत मी त्याची दुसरी प्रत काढलेली नव्हती.

“झालं का, फोटोवाले?” मामांनी विचारलं. त्यांना खुर्चीवर बसवून मी जिना चढून मॅडमकडे गेलो.

मॅडम गुडघे धरत खाली आल्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “समद्या डिस्क सोडव. कापूस वेचल्यावाणी एकेक वायर काढ, ओढू नको.”

मग त्यांनी फक्त नवी डिस्क जोडायला लावली. तीच ओळ. “मेली का, मॅडम?”

“काहून मरंल? हे बघ, मशीनच्या डिस्कच्या यादीत तिचं नाव येऊन राहिलं. जिती आहे.” मग नवी काढून जुनी एकटी जोडली. आता ओळ बदलली. मशीन सुरू व्हायला बघत होतं, पण त्याला विंडोज सापडत नव्हतं. मॅडमचा चेहरा उजळला. “सापडलं! तू नवीवर विंडोज टाकलं, तवा जुनी आतच होती ना?”

“होती.”

“मग मशीननं घर नवीवर बांधलं अन् किल्ली जुनीकडं ठेवली. तू किल्लीच काढून बाजूला ठेवली. परत बसवली, पण वायरींच्या गोंधळात मशीन आधी बाहेरच्या डिस्कला विचारत बसलं.”

दोन्ही डिस्क जोडल्या. मॅडमनी यादीत जुनीला सगळ्यात वर नेलं आणि बटण दाबलं. पडद्यावर विंडोजची निळी खिडकी उमटली. मी खुर्चीतून उठलोच. “बस खाली,” त्या म्हणाल्या, “आधी लग्न दुसरीकडं उतरव, मग नाच.”

प्रत तयार झाली का बघायला मी व्हिडिओ मधूनच लावला. पंगतीत वाढता वाढता मामी कॅमेऱ्याकडे वळल्या होत्या. त्यांचे ओठ हलले, पण आवाज नीट येईना. मॅडम उठल्या आणि त्यांनी पंखा बंद केला.

“ए फोटोवाल्या,” मामी म्हणत होत्या, “सकाळपासून दुसऱ्यायचेच जेवतानाचे फोटो काढून राहिला. तू जेवलास का?”

मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “अजून एकदा लाव,” म्हणाले. तिसऱ्यांदा लावला तेव्हा ते हसले. “अशीच व्हती. ज्याला त्याला जेवू घालायची.” मामा गेल्यावर मॅडमनी नव्या डिस्कचीच तिच्यापुरती किल्ली करून दिली, जुनी काढली आणि तीन वेळा मशीन बंद-चालू करून मगच जिना चढल्या.

गेल्या वर्षी गुडघ्यांनी अगदीच दगा दिला आणि लेक त्यांना पुण्याला घेऊन गेली. जायच्या दिवशी बसजवळ इतके विद्यार्थी जमले, की कंडक्टर विचारायला लागला, कोण पुढारी चाललाय. मॅडमनी खिडकीतून एकेकाला नावानिशी हाक मारली. माझ्या वेळेला नुसता हात घट्ट धरला, गाडी हलेपर्यंत सोडला नाही.

परवा फोन केला आणि विचारलं, “मॅडम, कधी येता बाळापूरला?”

“येते की,” त्या म्हणाल्या. “पण आमच्या वॉचमनच्या बायकोला टायपिंग शिकवून राहिले. तिची परीक्षा होऊ दे. तिच्यामागं अजून चौघीजणी आहेत, तेवढ्या झाल्या की लगेच निघते.”