किरकोळ दुरुस्ती

अठरा वर्षांपूर्वी मी एका पॅथॉलॉजी लॅबसाठी माझा पहिला मोठा प्रोग्रॅम लिहिला. तपासण्यांचे आकडे भरायचे आणि रिपोर्ट छापायचा, एवढंच त्याचं काम. मोठ्या ऐटीत तो बसवायला गेलो आणि संगणकावर बसणाऱ्या बाईंनी पाच मिनिटांत माझी हवा काढली. लॅबमध्ये सगळे त्यांना आपा म्हणत, मीही म्हणू लागलो.

‘‘भाऊ, एकेका आकड्याला माउस धरायचा म्हणजे पेशंट संध्याकाळपर्यंत इथंच बसतील,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुम्ही जरा इथं बसा आणि बघा.’’

मी शेजारी स्टूल ओढून बसलो. डाव्या हाताचं बोट मशीनमधून आलेल्या कागदावर, उजवा हात आकड्यांच्या बटणांवर. आकडा, एन्टर, आकडा, एन्टर. नजर कागदावरून हलत नव्हती. त्यांना एन्टर दाबून पुढच्या रकान्यात जायचं होतं, आणि जी तपासणी सांगितलेलीच नाही तिचा रकाना नुसता एन्टर मारून कोरा सोडायचा होता. कोरा रकाना छापायचा नाही. मी घरी जाऊन तसं करून आणलं. वापरणाऱ्या माणसाच्या शेजारी बसल्याशिवाय प्रोग्रॅम लिहू नये, हे मला आपांनी शिकवलं आणि पुढे कित्येक वर्षं मी ते माझ्या नावावर खपवलं.

दोन वर्षांपूर्वी लॅबच्या डॉक्टरांना रिपोर्ट पेशंटच्या मोबाइलवर जायला हवे झाले. म्हणजे जुना प्रोग्रॅम मोडीत काढून सगळं ब्राउझरमध्ये आणायचं. ब्राउझरमध्ये एन्टर दाबला की अर्धवट फॉर्म सरळ पुढे पाठवला जातो, हे मला माहीत होतं. आपांचा हात तर एन्टरवरून सुटणार नव्हता. मी तो बंदोबस्त चोख केला. वर आणखी एक शहाणपण केलं. नाशिकरोडला माझ्या गच्चीवरून एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात, तरी वीज जायची ती जातेच. म्हणून मी अशी सोय केली की फॉर्म भरताना वीज गेली तर तोवर भरलेले आकडे संगणक लक्षात ठेवेल आणि वीज आल्यावर परत जागच्या जागी मांडेल. या सोयीचा मला इतका अभिमान होता की चहाच्या टपरीवरही मी ती लोकांना समजावून सांगत असे.

यंदा एका दुपारी द्वारकेच्या सिग्नलला अडकलो होतो. तिथं अडकणं म्हणजे काय ते नाशिककरांना सांगायला नको. तेवढ्यात डॉक्टरांचा फोन आला. मी स्कूटर बाजूला घेतली.

वणीकडच्या एका वयस्क गृहस्थांच्या रिपोर्टमध्ये किडनीचा आकडा भलताच वाढलेला छापला गेला होता. ती तपासणी त्यांना कोणी सांगितलेलीही नव्हती. घरच्यांनी घाबरून त्यांना नाशिकच्या मोठ्या दवाखान्यात आणलं, दोन दिवस सगळ्यांचा जीव टांगणीला लागला, आणि दुसरीकडे रक्त तपासलं तर सगळं ठीक निघालं. आता त्यांचा मुलगा दोन्ही रिपोर्ट घेऊन लॅबच्या काउंटरवर उभा होता.

‘‘प्रोग्रॅमचा काही घोटाळा आहे का?’’ डॉक्टरांनी विचारलं. ‘‘आपा म्हणताहेत, त्या दिवशी मध्येच लाईट गेली होती.’’

‘‘लाईटचा काही संबंध नाही,’’ मी हॉर्नच्या वरताण ओरडलो. ‘‘त्याची सोय केलीय मी. शेजारच्या कागदावरचा आकडा टाकला असेल त्यांनी. आता वयानुसार नजरेचं होतं असं, माणूसच आहे.’’

शेवटचं वाक्य मी समजूतदारपणे म्हणालो होतो. फोन ठेवला, सिग्नल सुटला आणि मी ते विसरून गेलो. प्रोग्रॅम न उघडता, नोंदी न चाळता असं उत्तर देण्याची आमच्या धंद्यात सगळ्यांनाच सवय आहे. दहापैकी नऊ वेळा खापर वापरणाऱ्यावर फोडलं तरी खपून जातं.

पंधरा दिवसांनी मी त्याच फॉर्ममध्ये एक नवी तपासणी घालत होतो. करून बघायला म्हणून एक खोटा पेशंट तयार केला, आकडे भरायला घेतले आणि वीज गेली. परत आल्यावर मी कंटाळून दुसराच खोटा पेशंट उघडला. त्याच्या रकान्यांत पहिल्याचे आकडे आपापल्या जागी बसलेले होते.

माझ्या त्या लाडक्या सोयीनं आकडे लक्षात ठेवले होते, पण ते कोणत्या पेशंटचे हे लक्षात ठेवायला मीच सांगितलं नव्हतं. पुढचं सगळं डोळ्यांसमोर उभं राहिलं. आपा किडनीच्या एका पेशंटचे आकडे भरत असताना वीज गेली असणार. परत आल्यावर त्यांनी वणीच्या गृहस्थांचा फॉर्म उघडला असणार. जे आकडे कागदावर होते ते त्यांनी भरले, जुने पुसले गेले. किडनीच्या रकान्यावर आल्यावर नुसता एन्टर मारला, कारण तो कोराच असतो, अठरा वर्षं कोराच होता. त्यांची नजर कागदावर होती. तिनं तिथंच असावं, असा तर माझा सगळा प्रोग्रॅम होता.

दुरुस्ती एका ओळीची होती. आकड्यांसोबत पेशंटचा नंबरही लक्षात ठेवायचा, बस. ती करून मी नवी आवृत्ती चढवली. काय बदललं हे लिहायला एक जागा असते, तिथं मी लिहिलं, ‘किरकोळ दुरुस्ती’. कोणाला फोन केला नाही. एवीतेवी ते प्रकरण मिटलंय, असं मी स्वतःला सांगितलं. भित्रेपणा होता, दुसरं काही नाही.

पुढच्या आठवड्यात लॅबमध्ये गेलो तर आपांच्या खुर्चीवर दुसऱ्या बाई होत्या.

‘‘त्यांना घरी बसायला सांगितलं,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘तो मुलगा काउंटरवर सगळ्यांसमोर बोलला, वाचता येत नाही तर बसवता कशाला. काहीतरी करणं भागच होतं. आणि तुम्हीही म्हणालातच की.’’

मी तिथंच खाली बसलो आणि सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांनी पेपरवेट बाजूला सरकवला. मग म्हणाले, ‘‘आता झालं ना दुरुस्त? मग उगाच बाहेर बोलू नका.’’ माझं डोकं सणकलं. रिपोर्टवर सही न वाचता केली होती त्यांनी, प्रोग्रॅम न बघता बोललो होतो मी, आणि घरी गेल्या होत्या आपा. मी आवाज चढवला. कागद घेतला, चूक माझ्या प्रोग्रॅमची आहे असं चार ओळींत लिहून सही केली आणि त्यांच्यासमोर ठेवली. एक प्रत वणीला पाठवतो म्हणालो, आणि पुढे ती पाठवलीही. शेवटी ते म्हणाले, ‘‘बरं, त्यांना म्हणावं, सोमवारपासून या.’’

आपांचं घर जुन्या नाशकात, एका बोळात, पहिल्या मजल्यावर. अठरा वर्षांत मी तिथं कधी गेलो नव्हतो. त्यांनी दार उघडलं तेव्हा डोळ्यांवर चष्मा होता. आधी कधी नसायचा.

‘‘तुम्ही फोनवर नजरेचं म्हणालात ना, मग करून घेतला,’’ त्या हसून म्हणाल्या. ‘‘डॉक्टरांनी स्पीकर लावला होता. नंबर काही फार नाय निघाला, पण म्हटलं, असू दे.’’ मग खाली बघत म्हणाल्या, ‘‘आता गॅसच्या बुकिंगचा नंबर पण मी तीनदा वाचते, भाऊ. भरोसाच नाय राहिला.’’

मी दारात उभ्या-उभ्याच सांगायला सुरुवात केली. वीज, फॉर्म, आधीच्या पेशंटचा मागे राहिलेला आकडा, सोमवारचा निरोप. हातातला कागद पुढे केला. त्यांनी तो बोट ठेवून, ओळीन्‌ओळ वाचला.

‘‘म्हणजे तो आकडा मी टाकलाच नव्हता?’’

‘‘नाही.’’

‘‘मला पण तसंच वाटत होतं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘ते बाबा एसटीची घाई करत होते म्हणून त्यांचं आधी घेतलं, हे पण आठवत होतं. पण म्हटलं, भाऊ बघूनच सांगत असतील.’’ त्यांनी मान वर केली. ‘‘बघितलं होतं ना तुम्ही?’’

हो म्हणता आलं असतं. त्यांना खरं-खोटं कळायला काहीच मार्ग नव्हता.

‘‘नाही, आपा. द्वारकेला रस्त्यात उभा होतो.’’

त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, घडी करून डबीत ठेवला आणि डबी खिडकीत ठेवून दिली. सोमवारचं बघते म्हणाल्या. मग आत जाऊन चहा घेऊन आल्या.

‘‘घ्या, सर,’’ त्या म्हणाल्या.

अठरा वर्षांत त्यांनी मला कधी सर म्हटलं नव्हतं.