दुर्बिणीचा पाट

"हलतंय," ही म्हणाली.

मला काही हलताना दिसत नव्हतं. रायफल व्हाइसच्या जबड्यात धरलेली. तिच्यावर दुर्बीण बसवायचा पोलादी बेस मी स्वतः मशीनवर तासून आणला होता. पुढचे दोन स्क्रू आवळले होते, मागचे दोन मुद्दाम मोकळे. हिनं डब्यातून निळ्या कागदाची पट्टी काढली आणि बेसच्या मागच्या टोकाखाली सरकवली. पट्टी आत गेली.

"बघा. मागं अधांतरी आहे. मागचे स्क्रू आवळले की पाट वाकणार. वाकलेल्या पाटावर दुर्बीण कशी सरळ बसंल?"

"अगं, केसाएवढं आहे."

"इथं केस, तिकडं डोंगरावर हातभर. काढा."

काढला. घासला. परत बसवला. परत पट्टी गेली. तिसऱ्यांदा गेली नाही. मग हिनं स्क्रूंचे आटे स्पिरिटनं पुसले, गोंदाचा एकेक थेंब लावला आणि चारी स्क्रू थोडे थोडे, आळीपाळीनं आवळले. "रात्रभर वाळू दे. उद्या सकाळी बांगड्या." हात पुसले, पर्स घेतली.

आमचं दोघांचं ते शेवटचं काम.

ही म्हणजे माझी बायको. चाळीस वर्षांत मी तिचं नाव घेतलं नाही, आता लिहायला तर हातच उठत नाही. तुम्हीही 'ही' म्हणूनच वाचा.

मी चौथी पास. कोल्हापूरला उद्यमनगरात तीस वर्षं लेथ चालवला. मुलगा इंजिनियर होऊन अमेरिकेत कोलोरॅडोत आला, एकोणीसशे ऐंशी साल उलटल्यावर त्यानं आम्हाला बोलावून घेतलं. इथं घरात बसून भिंती बघायच्या. दोन महिन्यांत मी वैतागलो. गावात बंदुका दुरुस्त करणारं एक दुकान होतं, मागं लेथ होता. मालकाला मी एक आटा पाडून दाखवला. त्यानं लगेच ॲप्रन दिला. इंग्रजी लागलं नाही.

ही दुपारी डबा घेऊन यायची. गाडी चालवत यायची. मला अजून येत नाही, ही चोपन्नाव्या वर्षी शिकली. परीक्षा घेणारा गोरा खाली उतरून म्हणाला म्हणे, माझ्यापेक्षा ही बाई बरी लावते गाडी.

तर डबा देऊन ही काउंटरपाशी थांबायची. हिचे वडील सोनार. कुड्यांच्या फिरक्यांना आटे पाडण्यात हिचं बालपण गेलेलं. एक दिवस एका गिऱ्हाइकाची दुर्बीण मालक बसवत होता. हिनं बोट लावलं आणि म्हणाली, "हलतंय." मालक हसला. त्या माणसानं मागच्या अंगणात पाच गोळ्या झाडल्या, पाची पाच ठिकाणी. मालकानं सगळं खोललं तर एका स्क्रूचे आटे अर्धेच पकडलेले. दुसऱ्या दिवशी हिलाही ॲप्रन मिळाला. नऊवारीवर नाही हो, इथं ही पँट घालायची. त्याचीही मला आधी लाज वाटली होती, खोटं कशाला बोलू.

बेसला ही पाट म्हणायची आणि त्यावर दुर्बीण धरून ठेवणाऱ्या रिंगांना बांगड्या. दाढीवाले आडदांड शिकारी काउंटरवर वाकून विचारायचे, "मॅम, हाय बांगडी ऑर लो बांगडी?" ही भिंग मोठं की लहान ते बघायची आणि सांगायची, "लो. ॲज लो ॲज कॅन." दुर्बीण नळीला टेकू नये, पण उंचही नको, नाहीतर गाल लाकडावरून उचलावा लागतो. मग त्या बाप्याला रायफल खांद्याला लावायला सांगायची. "क्लोज आईज. गाल ठेव. नाऊ ओपन." डोळे उघडल्या उघडल्या पूर्ण गोल दिसला पाहिजे, कडेला काळी सावली नको. दिसली तर दुर्बीण चिमूटभर पुढं, चिमूटभर मागं. ती सहा फुटी माणसं हिच्यापुढं पोरासारखी डोळे मिटून उभी असायची. तुम्ही बघायला पाहिजे होतं.

लांबच्या नेमाला पाट मागून जरा उंच लागतो. मी विचारलं, का? मला माप कळतं, कारण कळत नाही. ही म्हणाली, "पाइपानं लांबच्या झाडाला पाणी घालताना तोंड वर करता की नाही? गोळीही पडत जाते. दुर्बीण सरळ बघणार, नळी जरा वर बघणार. तेवढा उतार पाटातच द्यायचा." हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मी तीस वर्षं लेथवर होतो, पण त्या दिवशी मी तिच्याकडं पहिल्यांदा बघतोय असं वाटलं.

आणि ती निळी पट्टी. हिची बहीण कोल्हापूरहून निळ्या हवाईपत्रावर खुशाली लिहायची. पत्र चारदा वाचून झालं की ही कडेच्या कोऱ्या पट्ट्या कापून डब्यात ठेवायची. मालकाकडं फट मोजायची पोलादी पाती होती. ही म्हणायची, "ती आपल्या जोरानं घुसतात. कागद खोटं बोलत नाही."

आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. मालक चिडवायचा, "यू डोन्ट ईट इट, स्टिल यू डू दिस?" ही म्हणायची, "आय नो ईट. बट ॲनिमल डाय. शुड डाय वन टाइम."

व्हाइसमधली ती रायफल ज्याची होती, तो शाळेची बस चालवायचा. आदल्या साली त्यानं एका एल्कवर गोळी झाडली होती. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ. बेस ढिला होता, त्याला माहीत नव्हतं. गोळी पोटात लागली. जनावर रक्त सांडत डोंगराआड गेलं. हा दोन दिवस शोधत फिरला, सापडलं नाही. दुकानात येऊन रायफल काउंटरवर ठेवून म्हणाला, "विका ही. मी आता जाणार नाही." वर्षाचं मटण त्यातनंच निघायचं त्याच्या घरचं. हिनं सगळं ऐकून घेतलं. मग रायफल त्याच्याकडं परत सरकवली. "आय फिक्स. यू गो. वन शॉट. आय प्रॉमिस." मी मराठीत म्हणलं, "कशाला शब्द देतीस? नेम त्याचा." ही म्हणाली, "नेम त्याचा, पाट माझा."

आम्ही पाट आवळला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तो रायफल घेऊन निघणार होता, नेम जुळवून मग डोंगरात.

त्या संध्याकाळी आम्ही घरी निघालो. निम्म्या वाटेवर हिनं गाडीचा वेग कमी केला. आरशात बघितलं. गाडी कडेला घेतली, गिअर पार्कात टाकला, ब्लिंकर लावले, इंजिन बंद केलं. मग छातीवर हात ठेवून म्हणाली, "अहो, कुणाला तरी बोलवा."

मागून येणाऱ्या ट्रकवाल्यानं बोलावलं. ॲम्ब्युलन्स आली. सात वाजता डॉक्टर बाहेर आला आणि मुलाशी इंग्रजीत बोलला. मला कळलं.

इथं मयतालाही अपॉइंटमेंट लागते. तिला मयत ठेवायच्या एका घरात नेऊन ठेवलं, अग्नी गुरुवारी म्हणाले. घरात करण्यासारखं काही उरलंच नाही. सकाळी मी ॲप्रन घडी करून काखेत घेतला.

"बाबा, आर यू सीरियस? लोक येतायत भेटायला!"

"बसव त्यांना. शब्द दिलाय तिनं."

"मी सोडतो तुम्हाला."

"तू फोन घे. मी चालत जातो."

दोन मैल. वाटेत आमची गाडी दिसली. मी पलीकडच्या कडेनं गेलो, मान खाली घालून.

मालकाला ट्रकवाल्याकडून कळलं होतं. तो म्हणाला, "गो होम." मी व्हाइसपाशी गेलो. गोंद वाळला होता. बोट लावलं. हलत नव्हतं.

खालच्या अर्ध्या बांगड्या बसवल्या, पोलादी दांडीला घासायची पेस्ट लावून आतून घासल्या, दुर्बीण ठेवली, वरचे अर्धे चढवले. आता बांगडीच्या दोन्ही कडांना सारखी फट पाहिजे. हिच्या डब्यातली पट्टी घडी करून घातली. डावीकडं गेली, उजवीकडं अडली. खोललं. परत आवळलं. आता उलटं झालं. माझी बोटं लेथवाल्याची, जाड. तिच्या बोटांना जे दिसायचं ते माझ्या डोळ्यांनाही दिसेना. दहाला दहा कमी. तो बसवाला येऊन दाराशी उभा. चौथ्यांदा सगळे स्क्रू सोडले आणि ही करायची तसं केलं, पाव फेरा इकडं, पाव फेरा तिकडं, मध्ये एक श्वास. पट्टी घातली. दोन्हीकडं सारखी सरकली.

मागच्या भिंतीवर हिनं ओळंबा टांगलेला. दुर्बिणीतली उभी रेघ त्याच्या दोरीवर आणून स्क्रू पक्के केले आणि रायफल त्याच्या हातात दिली.

"क्लोज आईज," मी म्हणलं. त्यानं मिटले. गाल ठेवला. "ओपन."

तो बराच वेळ बघत राहिला. "फुल सर्कल," म्हणाला. "नो शॅडो." मग मान वळवून, "व्हेअर इज शी?"

सांगितलं. त्यानं टोपी काढली. म्हणाला, आज मी जात नाही.

"गो," मी म्हणलं. "वन शॉट. शी प्रॉमिस."

तो गेला. पट्टी डब्यात ठेवली, ॲप्रन खुंटीला लावला, तिच्या ॲप्रनशेजारी, आणि चालत निघालो.

येताना गाडीच्याच कडेनं आलो. ब्लिंकर लुकलुकून विझले होते, बॅटरी संपली असणार. रस्त्याच्या पांढऱ्या रेषेच्या आत गाडी उभी. मी खाली बसलो. पुढच्या चाकापासून रेषेपर्यंत वीत टाकली. एक वीत, चार बोटं. मग मागच्या चाकापाशी गेलो, तिथंही टाकली.

एक वीत, चार बोटं.