खिशात नसलेली तार

आमचे दाजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, चालू विजेशी खेळून पोट भरतात. इमारतींच्या वायरिंगचा लूप रेझिस्टन्स मोजायचा, हे त्यांचं काम. उपकरणात बिघाड झालाच, तर करंटला अर्थिंगच्या तारेतून परत जायला वाट मोकळी आहे का, ते बघायचं. वाट अडलेली असली की फ्यूज वेळेवर उडत नाही आणि हात लावणारा जिवाला मुकतो. मोजताना वीज चालूच ठेवावी लागते. म्हणून हातमोजे, चष्मा, पायाखाली रबरी चटई आणि सगळं सावकाश. कॉन्ट्रॅक्टर त्यांना ‘गोगलगाय’ म्हणतो. माझं डोकं फिरतं. दाजी नुसतं ‘हं’ म्हणतात. वर्षानुवर्षं बोर्डाकडे बघून त्यांची मान आखडली आहे, आणि आताशा माणूसही.

परवा वृद्धाश्रमात काम होतं. तिथला गळतीचा स्विच सारखा पडत होता. करंट भलतीकडे वाहू लागला की हा आपणहून पडतो आणि माणूस वाचतो. मोजताना दाजींचा मीटरही थोडा करंट अर्थिंगमध्ये सोडतो, तेव्हा सगळ्यांनी मीटरवरच खापर फोडलं. दाजींनाही ते पटलं. पंखे बंद, म्हातारी माणसं घामाघूम. व्यवस्थापिका वैतागली, “अहो, काहीतरी करा ना. जीव नकोसा झालाय सगळ्यांना.”

दाजी पार थकले होते. कधी न केलेलं त्यांनी त्या दुपारी केलं: तारेचा एक तुकडा जोडून मोजणीपुरता तो स्विच बायपास केला. आता तो पडला तरी वीज जाणार नव्हती. धुण्याची खोली मोजायची राहिली होती. ती उद्या करू म्हणत ते घरी आले.

ताईनं ताट वाढलं. तात्पुरतं लावलेलं काही काढलं की खिशात टाकायचं, ही दाजींची सवय. त्यांचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला.

“काय झालं?” ताईनं विचारलं.

“तार काढलीच नाही मी.”

त्यांनी तसाच व्यवस्थापिकेला फोन लावला. “मॅडम, मेन स्विच बंद करा. आत्ता. ओरडा नंतर माझ्यावर.”

दाजींना मागे बसवून स्कूटर मी चालवली. तिथे त्यांनी तार काढली, मेन चालू केला. मीटर अजून पेटीतच होता, तरी स्विच पडला. दोष मीटरचा नव्हताच. मग दाजींनी एकेक प्लग काढला. कपडे धुण्याच्या मशीनचा काढला तेव्हा कुठे स्विच टिकला.

धुणं बघणाऱ्या बाई दाराशी उभ्या होत्या.

“दुपारपासून मशीनला हात लावला की मुंग्या येत होत्या,” त्या म्हणाल्या. “म्हटलं, वय झालं आपलं. कुणाला काय सांगायचं. चादरी काढायला पाण्यात हात घालणार, तेवढ्यात लाइट गेली. आता काढू का?”

दाजींनी बाईंचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही.