बोटीवरचा गुलाल

आकारामच्या गिरणीत दळण घेऊन गेलं की पीठ मिळायला वेळ लागे, कारण मध्ये बोट यायची. गिरणीच्या मागे, चारी बाजूंनी उघड्या पत्र्याच्या शेडमध्ये, गावाची पुराची बोट लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेली असे. चक्की सुरू करून आकाराम गिऱ्हाइकाला म्हणे, "या की पावणं, जरा मागं." मग कठड्याच्या एखाद्या स्टीलच्या कडीवरून अंगठा फिरवून विचारे, "दिसतंय का त्वांड?" तोंड दिसायचंच.

एकोणीस सालच्या पुरात ही फायबरची बोट मालवणच्या एका माणसाबरोबर ट्रकमधून आली होती. पाण्याखाली गेलेल्या गल्ल्या ओळखणारं कुणीतरी हवं म्हणून आकाराम तिच्यात चढला आणि चार दिवस उतरला नाही. पाणी ओसरल्यावर बोट गावालाच राहिली आणि तिच्या साखळीच्या कुलपाची किल्ली आकारामच्या करगोट्याला. त्याला कुणी नेमलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं. मालवणच्या माणसाने जाताना सांगितलेल्या चार गोष्टी मात्र त्याने आरतीसारख्या पाठ केल्या होत्या. स्टीलवर गंजाचा डाग दिसला तर आंबट पाण्यात भिजवलेलं फडकं त्यावर अर्धा तास गुंडाळून ठेवायचं. मग मऊ कापडाने पुसायचं, भरपूर साधं पाणी ओतायचं, कोरडं करायचं आणि वरून मेणाचा हात द्यायचा. आणि काहीही झालं तरी तारेची घासणी जवळ आणायची नाही. घासणीचे कण स्टीलमध्ये रुतून बसतात आणि पुढे तेच गंजतात.

आंबट पाण्याची सोय त्याच्या बायकोकडून, चिमणाबाईकडून झाली. ती चंदगडची. माहेराहून येताना पिशवीभर आमसुलं घेऊन यायची. "माझ्या सोलकढीची आमसुलं ह्ये बोटीला पाजत्यात," ती शेजारणींना सांगे. "सवत आणली असती तर तिनं चार भाकरी तरी थापल्या असत्या."

रुद्राप्पा हार्डवेअरवाला हे ऐकून पोट धरून हसायचा. तो आणि आकाराम एका तालमीतले, एका मातीत लोळलेले. पुरात रुद्राप्पाची आई, जिला सगळं गाव आव्वा म्हणायचं, कौलांवर अडकली होती. तिला उतरवताना बोट धारेत फिरू लागली, तेव्हा आकारामने पुढच्या खुंटाला दोर गुंडाळून दुसरं टोक खांबाला टाकलं. आव्वा बोटीत येऊन बसेपर्यंत सगळा भार त्या एका वीतभर स्टीलच्या खुंटाने पेलला. दोराची बारीक खाच त्याच्यावर कायमची उमटली. आकाराम ती खाच गिऱ्हाइकांना दाखवायचा. रुद्राप्पा जवळ असला तर दाखवायचा नाही, कारण त्याचे डोळे भरायचे.

म्हणूनच जानेवारीत रुद्राप्पाने बोटीला नवं सामान द्यायचं जाहीर केलं, तेव्हा आकारामला त्यात नवल वाटलं नाही. जुन्या कड्यांवर चरे पडले होते, खुंट मंद दिसत होते. झेंडावंदनाच्या दिवशी रुद्राप्पाला फेटा बांधला, शाल पांघरली. बोटीच्या कुशीवर निळ्या रंगात लिहिलं गेलं, 'श्री. रुद्राप्पाअण्णा यांच्या सौजन्याने'. "अस्सल स्टेनलेस हाय," रुद्राप्पा माईकवर म्हणाला, "आमच्या नातवंडांपातूर टिकंल." सगळ्यात जास्त टाळ्या आकारामने वाजवल्या. जुनं सामान त्याने टाकलं नाही. धोतराच्या तुकड्यात गुंडाळून गिरणीच्या फळीखाली सारलं. कुठलंही धातूचं सामान टाकून देणं त्याला जमत नसे.

चैत्रात गावची सासनकाठी जोतिबावरून परत आली आणि दरसालच्या रिवाजाप्रमाणे पोरांनी बोटीवरही गुलाल उधळला. "चांगभलं!" सगळं गाव गुलाबी झालं. पुढे दोन वळीव पडले. शेडमध्ये आडवा पाऊस आला आणि खुंटांखालून पांढऱ्या फायबरवर लालसर ओघळ उतरले. चिमणाबाई म्हणाली, "पुसा की ते."

"देवाचा गुलाल हाय. हातानं न्हाय पुसायचा. आपआप जाईल."

रोज सकाळी तो ओघळांना नमस्कार करून गिरणी उघडायचा. पंधरा दिवसांनी ओघळ गेले नव्हते, उलट काळपट तांबडे झाले होते. एका सकाळी नमस्कार करताना त्याचा अंगठा सहज एका ओघळावर टेकला आणि त्याला खरखर लागली. गुलाल खरखरीत नसतो. त्याने अंगठ्याचा वास घेऊन पाहिला. ओल्या लोखंडाचा वास होता.

त्या दिवशी गिरणी बंद राहिली. आमसुलाचं पाणी, फडकी, बादलीवर बादल्या, मेण. संध्याकाळी बोट लख्ख झाली आणि आकारामने देवाची माफी मागितली. आठ दिवसांनी ओघळ त्याच जागी परत आले. त्याने पुन्हा सगळं केलं. ते पुन्हा आले. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. त्याला वाटलं, आपलाच हात चुकतोय. रात्री जेवताना तो हाताचे तळवे उघडून बघत बसायचा. चिमणाबाई तेव्हा थट्टा करत नसे.

मेच्या शेवटी तालुक्याहून साहेब बोटीची चाचणी घ्यायला येणार होते. त्याआधी ग्रामपंचायतीत बैठक झाली. सरपंच क्रांती, वयाने आकारामच्या मुलीएवढी, अवघडून म्हणाली, "तात्या, बोटीला एवढा गंज कसा? नवं सामान आहे."

"तेच कळंना झालंय मला."

तेव्हा रुद्राप्पा उठला. आकारामला वाटलं, आता हा आपली बाजू घेईल. तो खुर्चीत थोडा सैलावलाही.

"आकारामचा जीव हाय बोटीवर, त्यात वाद न्हाय," रुद्राप्पा म्हणाला. "पर वय झालं. हात जड झाला. तारेची घासणी फिरवली आसंल घाईघाईत. स्टीलला घासणी लागली की गंज धरतो, ह्ये त्यानंच मला शिकवलंय. आता दुसऱ्या कुणाकडं किल्ली द्यावी आसं माझं मत."

कुणीतरी "व्हय, व्हय" म्हणालं. चाचणी झाली की किल्ली पंचायतीत जमा करायची, असं ठरलं. आपला मंत्र दुसऱ्याच्या तोंडून, आपल्याच विरुद्ध ऐकायला कसा लागतो, हे आकाराम बराच वेळ तपासत राहिला.

दुसऱ्या दिवशी कुणाचं तरी जोंधळ्याचं दळण ओतताना ते घडलं. गिरणीच्या तोंडाशी एक लोहचुंबक बसवलेलं असतं. धान्यातून येणारा खिळा, टाचणी ते ओढून घेतं, नाहीतर दगडाचा चुरा व्हायचा. जोंधळ्यातून एक बारीक खिळा आला आणि टक्क करून चुंबकाला बसला. आकाराम खिळ्याकडे बघत राहिला. मग त्याने चक्की थांबवली, चुंबक उपसलं आणि मागे गेला.

नव्या कडीला चुंबक असं झपकन चिकटलं की ओढून काढावं लागलं. दुसरी कडी, तिसरी, चारही खुंट, सगळ्यांना तसंच. मग त्याने फळीखालचं गाठोडं सोडलं. आव्वाच्या दोराची खाच असलेल्या जुन्या खुंटावर चुंबक ठेवलं आणि हात सोडला. ते घसरून पायाशी पडलं. अस्सल स्टेनलेसला चुंबक धरत नाही. वरून मुलामा दिलेलं साधं लोखंड तो महिनाभर आमसुलात धूत होता. धुण्याने मुलामा आणखीच उतरत होता.

दुकानात रुद्राप्पा एकटाच होता. आकारामने काउंटरवर एक नवी कडी ठेवली आणि तिच्यावर चुंबक. दोघांनीही तो आवाज ऐकला.

"शटर अर्धं खाली घे," रुद्राप्पा म्हणाला.

"ऱ्हाऊ दे उघडं. तुला म्हाईत हुतं?"

"वर्सातनं चार दिस पाण्यात जाती ती बोट, आक्या. बाकीच्या दिसांत कोण बघतंय तिच्याकडं?"

"मी बघतोय की."

"मग! तू हाईस म्हणूनच तर..." रुद्राप्पा थांबला, मग हळू म्हणाला, "मला वाटलं, तुझ्या हाताखाली डाग टिकायचा न्हाय. तू घासून पुसून चकाचक ठिवशील."

आकारामला वाटलं, एवढं कौतुक कुणी आजवर केलं नव्हतं.

"आन घासणी? मी घासणी फिरवली म्हणालास ती?"

"माझं नाव रंगवलंय तिच्यावर, मर्दा. काय बोलू मग?"

"त्याच खुंटाला आव्वा..."

"आव्वाला मधी आणू नगंस." रुद्राप्पाचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "एक कर. साहेब येऊन जाऊ देत. तेवढ्यापुरती चमकव. मागनं मी गुपचूप बदलून देतो."

आकारामने चुंबक खिशात घातलं. कडी काउंटरवरच राहिली.

चाचणीला दोन दिवस होते आणि किल्ली अजून त्याच्याकडे होती. त्याने नवं सामान एकेक करून उतरवलं आणि जुनं चढवलं. बोल्ट फिरताना आतून नट धरायला माणूस लागतो. चिमणाबाई पदर खोचून बोटीच्या पोटात शिरली आणि पाना धरून बसली.

"सांगा की समद्या गावाला," आतून तिचा आवाज आला. "चुंबक हाय, सामान हाय. किल्ली तुमच्याकडंच ऱ्हाईल."

"त्याचं त्यानं सांगू दे."

"आन न्हाय सांगितलं तर?"

"बघंल तो खुंट. वळकंल. मग बोलंल."

"तुमी बी येडं हाईसा," ती म्हणाली आणि पाना घट्ट धरला.

शेवटी त्याने फायबरवरचे ओघळ काढले. सगळ्यात लांब ओघळ रुद्राप्पाच्या नावावरून उतरला होता. तोही त्याने काढला, रंग निघू नये म्हणून फडकं अलगद फिरवत.

चाचणीच्या दिवशी घाटावर गर्दी होती. साहेबांनी पुढच्या खुंटाला दोर बांधायला लावला आणि काठावरून दहा गडी ओढायला लावले. बोट पाण्यात आडवी झाली, दोर ताणून तारेसारखा झाला, पण खुंट तसूभर हलला नाही. डागही नव्हता.

"काय दणकट सामान आहे," साहेब म्हणाले. "कोणी दिलं?"

क्रांतीने रुद्राप्पाकडे हात केला. रुद्राप्पा पुढे झाला. त्याची नजर खुंटावर गेली आणि खाचेवर थांबली. त्याने खाच ओळखली, हे आकारामला दहा हातांवरून दिसलं. रुद्राप्पाचे ओठ हलले. आकाराम नकळत एक पाऊल पुढे आला.

रुद्राप्पाने हात जोडले. "गावाची सेवा, साहेब. दुसरं काय."

टाळ्या झाल्या. या खेपेला आकारामच्या हातात मेणाचं फडकं होतं.

लोक पांगल्यावर त्याने करगोट्याची किल्ली सोडून क्रांतीच्या हातावर ठेवली. ती म्हणाली, "तात्या, राग धरू नका. तुम्ही एवढं लख्ख केलंत..."

"राग न्हाय, पोरी. नीट ऐक. पाण्यातनं काढली की साध्या पाण्यानं धुवायची. कोरडी करायची, मेण लावायचं. घासणी न्हाय लावायची. आन तांबडं काय दिसलं तर गुलाल म्हणून सोडायचं न्हाय. देवाचा असला तरी पुसून बघायचा. खाली काय चाललंय ते कळत न्हाय त्येच्यामुळं."

"बरं," ती म्हणाली. तिला ते बोटीबद्दलच वाटलं.

गिरणीत येऊन त्याने चुंबक होतं त्या जागी बसवलं. चिमणाबाई दारात आमसुलांची पिशवी घेऊन उभी होती. तिने त्याच्या रिकाम्या करगोट्याकडे पाहिलं.

"एवढी उरल्यात," ती म्हणाली. "सोलकढी करू?"

"कर," आकाराम म्हणाला.