गोळ्यातला पांढरा शर्ट

चकचकीत गोळा दिसला की त्यात खिडकी काढायची, हे इंदापुरातल्या आमच्या ड्रॉइंगच्या क्लासात सगळ्यांना पाठ होतं. डावीकडे वर चार खणांची पांढरी खिडकी, उजव्या कडेला गडद छटा, खाली लंबगोल काळी सावली. क्लासला मात्र खिडकी नव्हती. रसवंतीच्या वरची खोली, दोन ट्यूबलाइट आणि एक दार.

"नसलेली खिडकी काढायची कशी?" मी सरांना विचारलं.

"तपासणाऱ्याला लागते म्हणून काढायची. तू तुझ्या तात्यांसारखं इथं आंदोलन करू नको."

पोरं हसली.

तात्या म्हणजे माझे वडील. ते पाण्याच्या मोटारी रिवाइंड करतात आणि उरलेल्या वेळात पत्रकं काढतात. एसटीचा थांबा हलवला त्यावर, तहसील कचेरीतल्या खेट्यांवर. त्या पत्रकांच्या घड्या घालता घालता मी वाचायला शिकले. घरात नियम एकच होता. डोळ्यांनी बघितलं नाही ते छापायचं नाही, आणि बघितलेलं गाळायचं नाही.

बारावीनंतर बारामतीच्या एका कला महाविद्यालयात प्रवेशाची चाचणी होती. नाव लागलं तर चित्रकला, नाही लागलं तर इंदापुरात बी.कॉम. यावर घरात पुन्हा बोलणं होणार नव्हतं.

जिन्याच्या रेलिंगवर बसवतात तसला नारळाएवढा स्टीलचा गोळा हायवेवरच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून आणला आणि महिनाभर घरी तोच काढत बसले. त्यात खिडकी कुठेच नव्हती. वाकलेलं दार होतं, तांब्याच्या तारेचं भेंडोळं होतं, पत्रकं मोजणारे तात्या होते आणि मधोमध भलं मोठं नाक घेऊन मी. सर्वांत गडद भाग कडेला नसतो, थोडा आत असतो. कडेवर टेबलाचा उजेड परत चढतो. सावली गोळ्याच्या बुडाशी काळी असते, पुढे सरकते तशी विरत जाते. आणि ती सावली गोळ्यातही दिसते, उलटी, खऱ्या सावलीला चिकटून. ही जागा साधली की गोळा कागदावर बसतो. नाही साधली की तरंगतो.

चाचणीला हॉलच्या मधोमध निळ्या कापडावर तसलाच गोळा होता, त्याच्याभोवती आम्ही एकामागे एक अशा गोल रांगा करून बसलो होतो. मी अगदी पुढच्या रांगेत. पर्यवेक्षक पांढऱ्या शर्टात फिरत होते. मागे वळायचं नाही, असं त्यांनी सुरुवातीलाच बजावलं होतं.

बाह्यरेषा झाली, कापडाचा निळा उजेड झाला. मग मी गोळ्यातली माणसं काढायला घेतली. सगळे वाकलेले, मुंग्यांएवढे. माझ्या डोक्याच्या मागे एक पांढरा ठिपका होता, तो हलेना. मी पुढे झुकले. पांढरा शर्ट एका मुलीच्या कागदावर वाकला होता आणि त्याचा हात कागदावर फिरत होता. मुलीचे हात मांडीवर होते.

गोळा सगळंच वाकडं दाखवतो. म्हणून मी सरळ मागे वळून बघितलं. पर्यवेक्षक तिच्या कागदावर छटा भरत होते. पेन्सिल त्यांच्याच हातात होती.

मी पुढे वळले. तळवे ओले झाले होते, कागदाला डाग पडू नये म्हणून ओढणीला पुसले. तो ठिपका गाळून तिथे करडा रंग भरला असता तर चित्राचं काहीच बिघडलं नसतं. मी तो काढला. पांढरा शर्ट, वाकलेली पाठ, कागदाला टेकलेला हात. नखाएवढा, पण ओळखू येईल असा.

फिरत फिरत ते माझ्यामागे आले आणि थांबले.

"हे काय?"

"प्रतिबिंब, सर."

"प्रतिबिंबात माणसं काढतात का? खिडकी काढ."

"खिडकी कुठंय, सर?"

शेजारचा मुलगा फिस्सकन हसला आणि लगेच गप्प झाला. त्यांनी खिशातून खोडरबर काढून माझ्या कागदावर धरलं.

"पूस ते. आणि गोळ्यात बघ आता. आता काय दिसतंय ते काढ ना. खरंच काढायचंय ना तुला?"

मी बघितलं. गोळ्यात पांढरा शर्ट आता माझ्या कागदावर वाकला होता. हातातलं खोडरबर पेन्सिलीसारखं दिसत होतं. कुणीही म्हटलं असतं, हिलाच मदत चालली आहे.

मी खोडरबर घेतलं नाही. तो ठिपका तसाच ठेवून बुडाची सावली भरायला लागले. गोळा बसला. ते घंटा होईपर्यंत माझ्यामागे उभे राहिले आणि कागद स्वतःच्या हाताने उचलून घेऊन गेले.

यादी लागली तेव्हा तात्या सोबत होते. त्यांनी वरून खाली आणि खालून वर बोट फिरवलं. माझं नाव नव्हतं. परतीच्या एसटीत मी त्यांना सगळं सांगितलं.

"तू वळून बघितलंस?"

"हो."

"मग लिही. आपुन पत्रक काढू."

त्या रात्री मी माझं पहिलं पत्रक लिहिलं, खाली माझं नाव घालून. तात्यांनी वाचलं आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. त्या ओळीत मी लिहिलं होतं की तेच पर्यवेक्षक नंतर माझ्याही कागदावर वाकले होते आणि त्यांच्या हातात खोडरबर होतं.

"ह्ये कशाला घातलंस? उद्या म्हणतील, हिच्यावर पण वाकलाच हुता की. आपलंच पत्रक कच्चं हुतंय."

"तात्या, गोळ्यात ते पण दिसत होतं."

त्यांनी ओळीवरचं बोट उचललं. मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे."

बारामतीच्या स्टँडवर आम्ही दोघांनी ती पत्रकं वाटली. काहींनी वाचली, काहींनी भेळेखाली घेतली. कॉलेजातून कुणी आलं नाही, यादी बदलली नाही. सोमवारी मी इंदापुरात बी.कॉम.ला नाव घातलं.